डाव्या आरशातला ऑक्टोबर

ऑक्टोबर आला की परळला रस्त्याच्या कडेला डांबर तापवायला घेतात. पावसाळ्याने उखडून ठेवलेले खड्डे बुजवायला डोक्याला फडकी गुंडाळलेली माणसं येतात आणि भर दुपारी तो काळा, जड वास सगळीकडे पसरतो. मी ज्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करते, तिथल्या खिडक्या बंद असल्या तरी तो आत शिरतो. बाकीच्यांचं डोकं दुखतं. माझ्या तळहातांना घाम फुटतो. क्षणभर वाटतं, आपण अजून नापासच आहोत, आणि कोणीतरी आपल्यापासून काहीतरी लपवतंय.

चार वर्षं झाली त्याला. त्या ऑक्टोबरमध्ये मी एकोणपन्नास वर्षांची होते आणि ड्रायव्हिंगच्या टेस्टमध्ये नापास झाले होते. शाळेत, कॉलेजात कधी नापास झाले नव्हते. पण नापास झाल्याचं दुःख मला फारसं आठवत नाही. आठवतो तो संशय. उन्हासारखा सगळ्यांवर सारखा पडलेला.

तोवर आमची गाडी प्रदीप चालवायचा. प्रदीप म्हणजे माझा नवरा. आम्ही एकाच कॉलेजातले, त्यामुळे घरात पहिल्यापासून अरे-तुरे. कॉटन ग्रीनला एका गोदामात तो सुपरवायझर आहे. आमची सेकंडहॅण्ड पांढरी गाडी घोडपदेवच्या चाळीखाली उभी असायची आणि त्याचा रविवार ती धुण्यापुसण्यात जायचा. कुठे निघालो की मी त्याच्या शेजारच्या सीटवर बसून बोलत राहायची, तो ऐकत चालवायचा. लॅबमधली भांडणं, चाळीतल्या बातम्या, पोरीचं पुण्यातलं शिक्षण, सगळं मी त्याला गाडीत सांगायची. इतक्या वर्षांत मी रस्त्याकडे कधी बघितलंच नव्हतं, हे मला फार उशिरा कळलं.

त्या पावसाळ्यात गाडीच्या डाव्या अंगावर ओरखडे दिसायला लागले. प्रदीप म्हणाला, चाळीतली पोरं खेळताना काढतात. मी मान डोलावली. मग एकदा हिंदमाताजवळ, साड्यांच्या दुकानांसमोरच्या गर्दीत, आमच्या गाडीने एका स्कूटरचा आरसा उडवला. प्रदीप म्हणाला, तोच मध्ये घुसला. हेही मी मानलं. तो डोळ्यांत औषधाचे थेंब घालायचा. म्हणाला, गोदामातल्या धुळीने डोळे कोरडे पडतात. तेही पटलं.

आणि सप्टेंबरच्या शेवटी एका शनिवारी, डिकीत छत्री शोधताना, अंथरलेल्या रबराखाली मला एक फाईल सापडली. दादरच्या डोळ्यांच्या दवाखान्याची. रिपोर्ट वाचणं हा माझा पोटापाण्याचा उद्योग. दोन डोळ्यांना कुठवर दिसतं ते दाखवणारे दोन गोल होते, आणि दोन्ही डाव्या बाजूने काळे होत आलेले. काचबिंदू. या दुखण्यात समोरचं स्वच्छ दिसतं आणि कडेचं जग हळूहळू पुसलं जातं. खाली डॉक्टरांनी लिहिलं होतं, वाहन चालवू नये. तारीख चार महिन्यांपूर्वीची होती.

फाईल घेऊन मी वर गेले. प्रदीप चहा पीत होता.

"हे काय आहे?"

त्याने फाईलकडे बघितलं, मग कपाकडे. "सांगणार होतो."

"कधी?"

"सांगितलं असतं तर गाडी सुटली असती."

चार महिने. चार महिने हा माणूस मला शेजारी बसवून अर्ध्या नजरेने मुंबईत गाडी चालवत होता, आणि मी त्याला कोणाच्या लग्नात कोण काय म्हणालं ते सांगत होते.

किल्ली मी त्याच क्षणी काढून घेतली आणि पर्समध्ये ठेवली. लर्निंग लायसन्स मी मागे एकदा हौसेने काढलं होतं, शिकायला मात्र कधी गेले नव्हते. मुदत संपायला थोडे आठवडे उरले होते. सोमवारी जाऊन ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं. प्रदीप म्हणाला, "एवढी घाई काय आहे? तोवर मी चालवतो ना, जवळच्या जवळ." या एका वाक्याने माझी झोप उडाली. दुसरी किल्ली कुठे आहे विचारलं तर म्हणाला, कधीच हरवली. संध्याकाळी कामावरून आले की वर जायच्या आधी मी गाडीच्या बॉनेटवर हात ठेवायची. गरम लागलं म्हणजे याने आज गाडी काढली. पण ऑक्टोबरच्या उन्हात बॉनेट दिवसभर तापलेलंच असायचं. कळणार कसं? मग मी चाकांच्या कडेने खडूच्या बारीक खुणा करून ठेवायला लागले. चाळीतली एखादी बाई जिन्यातून "जयभीम ताई, काय शोधताय?" म्हणाली की मी कानातलं पडल्याचं सांगायची. एकाच्या लपवण्याने दुसऱ्याला किती लवकर खोटं बोलता येतं.

स्कूल चालवायच्या ग्लोरिया बाई. माझगावच्या जुन्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरातल्या. साठी उलटलेली, गुडघ्याखाली येणारा फुलाफुलांचा फ्रॉक, पायात सपाट बूट. नवरा गेल्यावर त्याची एकुलती एक गाडी त्यांनी विकली नाही, तिच्यावर शिकवत राहिल्या. त्या डाव्या सीटवर बसायच्या, पायाशी त्यांचा वेगळा ब्रेक आणि क्लच. ओरडायच्या, पण रागावल्यासारख्या नाही.

"पोरी, क्लच सोड, जीव नको सोडू."

"बाई, मागून बस येतेय."

"येऊ दे. तिला तुझ्यापेक्षा ब्रेक बरा मारता येतो."

आणि दर पाच मिनिटांनी, "आरशात बघ. डाव्या." मी बघायची. निदान मला तसं वाटायचं.

टेस्टच्या दिवशी मैदानात वीसेक जण होते. कॉलेजातली मुलं, एक गुजराती आजोबा, बाळ आईकडे देऊन आलेली एक मुलगी. माझा नंबर यायच्या आधी मी बघितलं, ग्लोरिया बाई इन्स्पेक्टर साहेबांजवळ उभ्या होत्या. काहीतरी हळू आवाजात सांगत होत्या. साहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडे एकदा बघितलं आणि मान हलवली. माझ्या आधीच्या मुलाने वळताना इंडिकेटरसुद्धा दिला नव्हता, असं मला तेव्हा ठामपणे वाटलं. तो पास झाला.

साहेब बाईंच्या डाव्या सीटवर बसले. मी गाडी मागे घेतली, ती सरळ आली. चढावर थांबवली, ती घसरली नाही. साहेब म्हणाले, "बाहेर रस्त्यावर घ्या. पुढून डावीकडे." मी इंडिकेटर दिला, स्टिअरिंग वळवलं, आणि गाडी एकदम गचका खाऊन थांबली. इंजिन बंद पडलं. माझा पाय ब्रेकवर नव्हताच.

साहेबांनी पॅडवर काहीतरी लिहिलं. "उतरा मॅडम. आठवड्याने परत या."

"पण साहेब, ब्रेक तुम्ही मारलात!"

"हो. मीच मारला."

"का?"

त्यांनी पेनाने डावीकडे दाखवलं. मी वाकून बघितलं. रस्ता रिकामा होता. बऱ्याच पुढे एक हातगाडी चालली होती, तिचा माझ्याशी काय संबंध? मी खाली उतरले तेव्हा माझे कान तापले होते. यांनी आपल्याला ठरवून पाडलंय, एवढं एकच डोक्यात फिरत होतं.

परतताना ग्लोरिया बाईच गाडी चालवत होत्या. त्यांचा फोन समोर स्टँडवर लावलेला. भायखळ्याच्या सिग्नलला तो वाजला आणि पडद्यावर नाव आलं, प्रदीप घोडपदेव. बाईंनी झटकन बोट लावून कट केला.

"माझा नवरा?"

"असेल कोण तरी. सिग्नल सुटला."

घरी प्रदीपने दारातच विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "तुला माहीत नाही?" तो म्हणाला, "मला कसं माहीत असणार?" इतक्या सरळ चेहऱ्याने म्हणाला, की मला त्या चेहऱ्याची भीती वाटली. त्याने मला पाडायला लावलं होतं, यात मला शंका उरली नाही. गाडी त्याची. मी पास झाले असते तर ती कायमची माझ्या हातात आली असती. हे त्याला सोसत नव्हतं.

दोनच दिवसांनी धम्मचक्र प्रवर्तन दिन होता. आमच्या गल्लीत सकाळपासून पांढरे कपडे, निळे झेंडे, विहारासमोर खिरीचं पातेलं. एरवी मला तो दिवस फार आवडतो. सगळी चाळ धुतल्यासारखी दिसते. प्रदीपने इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता. आम्ही शेजारी शेजारी उभे राहून पंचशील म्हटलं. खोटं न बोलण्याचं शील आलं तेव्हा मी मान वळवून सरळ त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. त्याला ते कळलं नाही. मी त्याच्या डाव्या बाजूला उभी होते.

खीर मी घेतली नाही.

दुसऱ्या दिवशी क्लास होता. कॉटन ग्रीनच्या गोदामांमधले रस्ते दुपारी रिकामे असतात. लांबच लांब भिंती, बंद दरवाजे, सावलीत झोपलेले कुत्रे. मधल्या रस्त्यात मी गाडी थांबवली आणि विचारलं, "बाई, प्रदीप तुम्हाला फोन का करतो?"

"गाडी बाजूला घे आधी. रस्त्याच्या मधी नाय विचारायचा असला."

मी गाडी रागाने कडेला घेतली.

"बाजूला घेताना डावीकडं बघितलंस?"

बघितलं नव्हतं.

"याच्यासाठीच करतो फोन," ग्लोरिया बाई म्हणाल्या. "पहिल्याच आठवड्यात आला होता माझ्याकडं. सगळा सांगितला, डोळ्यांचा. म्हणाला, बाई, ती कायम माझ्या डाव्या हाताला बसली आणि माझ्याकडं तोंड करून बोलली. तिची मान उजवीकडंच वळते. डावीकडचा रस्ता तिनं कधी बघितलाच नाय. आणि आता डाव्या सीटवर मी बसणार, मला तर तिकडचं काय दिसत नाय. मी तिला सांगू नाय शकणार. ती आपली आपण बघायला लागेपर्यंत तिला पास होऊ देऊ नका."

"आणि तुम्ही साहेबांना जाऊन सांगितलंत."

"सांगितला. हिची टेस्ट नीट घ्या म्हटला, सूट देऊ नका. त्यात काय चोरी केली?"

"मग मला का नाही सांगितलं?"

"रोज सांगते. डाव्या आरशात बघ म्हणून. तू हो म्हणतेस आणि उजवीकडं बघतेस."

मला बाईंचा राग आला, आणि त्या खरं बोलतायत हे कळल्यामुळे जास्तच आला. म्हणजे माझा संशय खरा होता. माझ्या पाठीमागे बोलणं झालं होतं, आणि ते माझ्या पास-नापासाबद्दलच होतं. फक्त त्या बोलण्यात जे होतं, ते माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

संध्याकाळी प्रदीप आला तेव्हा मी दिवा न लावता बसले होते.

"तू कोण ठरवणारा, मी कधी पास व्हायचं ते?"

त्याने पिशवी खाली ठेवली. बाईंनी सांगितलं का, एवढंच विचारलं, आणि समोर बसला.

"मेच्या शेवटी, वळवाच्या पावसात, एक म्हातारी होती," तो मग म्हणाला. "नाक्यावर. छत्री घेऊन कडेने चालली होती. मला दिसलीच नाही गं. आवाज आला तेव्हा कळलं. आरसा लागला तिला, ती पडली, हातातली भाजी सगळी चिखलात. उठली, मला शिव्या दिल्या आणि गेली. मी उतरून मदतसुद्धा केली नाही. पुढे जाऊन गाडी उभी केली आणि तसाच बसून राहिलो. दुसऱ्या दिवशी डोळे तपासायला गेलो."

"आणि तरी त्यानंतर चार महिने चालवलीस."

"हो."

"मी शेजारी असताना."

"तू शेजारी असलीस की धीर वाटायचा. वाटायचं, काही आलंच तर तू ओरडशील." त्याने पिशवी जवळ ओढली. "मग एक दिवस लक्षात आलं, तू बघतच नाहीस."

चाळीच्या मधल्या जागेत कोणाचा तरी प्रेशर कुकर शिट्ट्या देत होता. मी म्हटलं, "हे तोंडावर सांगता आलं नसतं?"

"तू काय म्हणाली असतीस? तुला गाडी सोडायची नाही म्हणून बहाणे करतोयस, असंच ना?"

मी अगदी हेच म्हणाले असते. मनात तर म्हणून झालं होतं.

तो उठला, कपाटातल्या जुन्या बुटांमध्ये हात घातला आणि दुसरी किल्ली काढून माझ्यासमोर ठेवली. हरवली नव्हतीच ती. "दोनदा काढली होती," तो म्हणाला. "गल्लीच्या टोकापर्यंत. परत आणून लावली." माझ्या खडूच्या खुणांवरच त्याने चाकं आणून लावली असणार. की माझ्याच खुणा धड नव्हत्या, कोण जाणे.

त्या रात्री आम्ही जेवलो तेव्हा एकच ठरलं. यापुढे माझ्याबद्दल जे बोलायचं ते माझ्यासमोर.

रविवारी मी ग्लोरिया बाईंना विचारून प्रदीपलाही क्लासला नेलं. बाई माझ्या डावीकडे, प्रदीप मागच्या सीटवर. पुन्हा तेच गोदामांचे रस्ते. चारेक मिनिटांनी प्रदीप मागून म्हणाला, "डावीकडे काय आहे?"

"काय म्हणजे?"

"मला दिसत नाही. तू सांग."

मी आरशात बघितलं, मग खिडकीबाहेर. "भिंत आहे. एक टेम्पो उभा आहे."

"टेम्पोत ड्रायव्हर आहे का?"

मी परत बघितलं. "आहे. दार अर्धं उघडं आहे."

"मग?"

मी गाडी थोडी उजवीकडे घेतली. ड्रायव्हरने पाय बाहेर टाकला आणि आम्ही त्याच्या बाजूने निघून गेलो. ग्लोरिया बाईंनी ब्रेकवरचा पाय काढून घेतला. मग मी सांगत राहिले. डावीकडे सायकलवाला, पाव घेऊन चाललाय. डावीकडे दोन बायका, त्यांना रस्ता ओलांडायचाय पण त्या अजून बोलतायत. डावीकडे पिंपळ, भिंतीतून उगवलेला. प्रदीप म्हणाला, "तो अजून आहे का? मला वाटलं, तोडला." मी मधल्या आरशात त्याच्याकडे बघितलं. तो खिडकीकडे तोंड करून बसला होता आणि मी जे सांगत होते ते सगळं जिथल्या तिथे लावून ठेवत असावा, गोदामात माल लावतो तसं. ज्या रस्त्यावरून तो रोज कामाला जायचा, त्याची अर्धी बाजू मी त्याला सांगत होते, आणि मीही ती पहिल्यांदाच बघत होते.

दुसऱ्या टेस्टला तेच साहेब होते. मी ग्लोरिया बाईंना म्हटलं, आज त्यांच्याशी एक अक्षर बोलायचं नाही. बाई म्हणाल्या, "मी कशाला बोलू? माझा गुडघा दुखतो," आणि लांब सावलीत जाऊन बसल्या. तिथूनही त्यांनी साहेबांकडे बघून मान हलवली असं मला वाटलं. माशी हाकलली असेल.

पुन्हा रिव्हर्स, पुन्हा चढ, पुन्हा बाहेरचा रस्ता. "पुढून डावीकडे," साहेब म्हणाले.

मी पुटपुटायला लागले होते, हे मला कळलंच नाही. डावीकडे स्कूटर, जाऊ दे तिला. डावीकडे चहावाला, थांबलाय. डावीकडे मोकळं.

"कोणाशी बोलताय?"

"नवऱ्याशी."

"कुठे आहेत ते?"

"कामावर."

साहेबांनी पॅडवर बरंच काही लिहिलं. इतकं, की मी पुन्हा नापास झाले याची मला खात्री पटली. गाडी मैदानात आणून उभी केल्यावर त्यांनी कागद पुढे केला. "झालं. पास."

माझा विश्वास बसेना. मी उतरलेच नाही. म्हटलं, "साहेब, एक विचारू? मागच्या वेळी ग्लोरिया बाईंनी तुम्हाला सांगितलं होतं म्हणून मला..."

"दिवसभर माणसं काही ना काही सांगतात हो मॅडम. हिला सांभाळून घ्या, याची परीक्षा आहे, त्याचं लग्न आहे. मी मान हलवतो. ऐकत नाही." त्यांनी चष्मा काढून रुमालाने पुसला. "तो हातगाडीवाला तुमच्या दारापासून वीतभर होता. तुम्हाला आजही खरं वाटत नाहीये ना?"

खरं वाटत नव्हतं. आज वाटतं. कधीकधी डोळा लागता लागता तो हातगाडीवाला मला दिसतो, जो मी कधी बघितलाच नाही.

पहिलं वर्षभर प्रदीप माझ्या शेजारी बसून दारावरची मूठ घट्ट धरायचा. तोंडाने म्हणायचा, छान चालवतेस, आणि बोटं पांढरी पडलेली असायची. मी ते बघायची आणि बोलायची नाही. विश्वास ठेवतोय असं दाखवणाऱ्या माणसाइतका दुसऱ्या कोणाचा राग येत नाही. त्याची नजर आता आणखी अरुंद झाली आहे. आता दुखण्याची वाढ थांबलीय, असं डॉक्टर म्हणतात. मी त्यांचा प्रत्येक रिपोर्ट दोनदा वाचते, तारीखसुद्धा, आणि तो रिपोर्ट आता प्रदीप स्वतः माझ्या हातात देतो.

परवा त्याला दवाखान्यातून घेऊन परत येत होते. परळला डांबर टाकायचं काम चालू होतं, त्यामुळे एकच लेन, गाड्या गोगलगायीसारख्या. लालबागच्या पुलाखाली आलो आणि माझ्या लक्षात आलं, बराच वेळ प्रदीपने डावीकडचं काही विचारलं नाही. बघितलं तर डोळे मिटलेले. मला वाटलं, नाटक करतोय. मी मुद्दाम एक ब्रेक जरा जोरात मारला. त्याचं डोकं पुढे आलं, पुन्हा मागे टेकलं. तोंड किंचित उघडं होतं, दारावरची मूठ सोडून दोन्ही हात मांडीवर सैल पडलेले, आणि तो बारीक घोरत होता.

घोडपदेवचं वळण आलं. मी इंडिकेटर दिला. मग तो बंद केला आणि गाडी भायखळ्याच्या दिशेने सरळ पुढे जाऊ दिली.